यशोगाथांशेजारी चुकलेल्या हंगामांनाही जागा द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आत्मपरीक्षणाच्या सवयीवर लेख आला होता. रात्री झोपण्यापूर्वी पंधरा मिनिटं शांत बसावं, दिवसभरात काय घडलं ते आठवावं, आपलं कुठं चुकलं ते शोधावं, असं त्यात सांगितलं होतं. लेख चांगला होता, मी तो सुनेलाही वाचून दाखवला. पण त्यातल्या 'आठवावं' या शब्दापाशी मी अडले आणि त्यासाठीच हे पत्र लिहीत आहे. माझा स्वतःच्या आठवणीवर विश्वास उरलेला नाही. याचा पुरावा आमच्या लोखंडी कपाटात सातबाऱ्याच्या पिशवीखाली ठेवलेला आहे. सतरा वह्या आहेत, अठरावी सध्या चालू आहे.

मी निफाड तालुक्यात द्राक्षं पिकवते. तीन एकर बाग, त्यातली दोन एकर थॉमसन जातीची. माझे पती ओझरच्या विमान कारखान्यात नोकरीला होते. त्यांच्या पाळ्या बदलायच्या, त्यामुळं लग्नानंतर चार-पाच वर्षांतच बागेचा कारभार माझ्याकडं आला. माझं शिक्षण दहावी. 2008 मध्ये आम्ही निर्यातीसाठी बागेची नोंदणी केली, तेव्हापासून फवारणीची वही ठेवणं भाग पडलं. तारीख, कोणतं औषध, किती पाण्यात किती, कशासाठी, असे रकाने आखून घेतले. शेवटचा रकाना 'शेरा'. आमच्या वस्तीवर तो बहुतेक जण मोकळा सोडायचे. मला वहीत मोकळी जागा दिसली की चैन पडत नाही, म्हणून मी त्यात काहीबाही लिहू लागले. आधी 'आभाळ होतं', 'वारा होता', 'ट्रॅक्टर बंद पडला' एवढंच. मग हळूहळू औषध का मारलं, किंवा का मारलं नाही, हेही त्यात यायला लागलं. सुरुवात ही अशी झाली. त्यामागं काही मोठा विचार नव्हता.

2009 च्या नोव्हेंबरात फयान वादळ आलं. 11 नोव्हेंबरला ते कोकण किनाऱ्यावर धडकलं आणि पाऊस घाट ओलांडून आमच्याकडं आला. बाग फुलोऱ्यात होती. द्राक्षाच्या फुलोऱ्यात पाऊस म्हणजे काय, हे बागाईतदाराला वेगळं सांगायला नको. विहिरीकडच्या सखल भागात डावणी हा बुरशीचा रोग आला, घड कुजले, पाऊण एकर तर हातचाच गेला. त्यानंतर दीड वर्ष मी भेटेल त्याला एकच सांगत होते, "औषध मारलेलं होतं, तरी पावसानं नेलं." माझे पती सांगायचे, "मी हिला म्हटलं होतं, आज मारून घे." यावरून आमची दोन-चारदा चांगली कडाक्याची भांडणंही झाली. दोघांनाही आपलंच खरं वाटत होतं. कोणी मुद्दाम खोटं बोलत नव्हतं, हे मी आज खात्रीनं सांगू शकते.

2011 च्या मे महिन्यात पतसंस्थेच्या कामासाठी जुनी वही काढली, तर 10 नोव्हेंबरचा शेरा समोर आला. माझंच अक्षर होतं. 'आज मारायचं होतं. घरी साखरपुडा, पाहुणे. ह्यांना विचारलं. म्हणाले, एका दिवसानं काही होत नाही, उद्या मार. मलाही तेच बरं वाटलं.'

मी वही त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी दोनदा वाचली. चष्मा काढून पुसला आणि परत वाचली. "हे मी म्हणालो होतो?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, "तुम्ही म्हणालात आणि मला बरं वाटलं, दोन्ही लिहिलंय." त्या दिवसापासून फयानवरून आमच्या घरात भांडण झालेलं नाही.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणानं सांगितली पाहिजे. आदल्या दिवशी औषध मारलं असतं तर बाग वाचली असती, असं मी म्हणत नाही. ज्यांनी मारलं होतं त्यांच्याही बागा गेल्या. पण मी 'मारलेलं होतं' असं म्हणत होते ते खरं नव्हतं, आणि तेच धरून बसले असते तर पुढच्या वर्षीही घरातल्या कार्यासाठी फवारणी पुढं ढकललीच असती. आता ऑक्टोबर छाटणीनंतर चाळीस दिवसांत घरात कार्य असलं, तर औषध आणि डिझेल तीन दिवस आधी शेडमध्ये आणून ठेवलेलं असतं, ब्लोअर, म्हणजे फवारणीचं यंत्र, चालवायला माणूस सांगून ठेवलेला असतो. माझ्या मुलाच्या लग्नात हळदीच्या दिवशी पहाटे फवारणी झाली आणि मग मांडवाकडं गेले. पाहुण्यांतल्या काही बायका बोलल्या. बोलू देत.

त्याच हंगामातली दुसरी गोष्ट. वादळातून वाचलेला माल निर्यातीला दिला. 2010 मध्ये सीसीसी या संजीवकाच्या अंशामुळं भारतातल्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले, ते जुन्या बागाईतदारांना आठवत असेल. एप्रिल छाटणीनंतर काडीची वाढ रोखावी, डोळ्यात घड चांगला तयार व्हावा, म्हणून आपण ते वापरायचो. आमचेही पैसे कापून आले. सगळा गाव संतापला होता, मीही होते. आपल्याला कोणी सांगितलं नाही, असंच सगळे म्हणत होते. तेही काही खोटं नव्हतं. पण वहीत 2009 च्या जूनमध्ये मी काय लिहिलं होतं? 'सीसीसी दुसऱ्यांदा मारलं. शेजारी दोनदा मारतात म्हणून.' मला ते कोणी सांगितलं नव्हतं, हे खरं. पण मीही कोणाला विचारलं नव्हतं. बागेला गरज आहे की नाही, काडीची जाडी किती, पेरं किती लांब, यातलं काही बघितलं नव्हतं. शेजारच्या बांधावरून ब्लोअरचा आवाज आला आणि मी दुकानात माणूस पाठवला.

मग मी ती अख्खी वही घेऊन बसले आणि शेऱ्यांची मोजदाद केली. त्या हंगामात लहान-मोठ्या मिळून 61 फवारण्या होत्या. त्यातल्या 14 ठिकाणी कारण 'शेजाऱ्यांनी मारलं म्हणून', 9 ठिकाणी 'दुकानदार म्हणाला म्हणून' आणि 6 ठिकाणी नुसतं 'भीती वाटली'. म्हणजे 61 पैकी 29 वेळा मी बागेकडं न बघता औषध मारलं होतं. मी तर स्वतःला विचार करून शेती करणारी बाई समजत होते. चारचौघांत तसं बोलतही होते. ही मोजणी झाली त्या दुपारी मी जेवले नाही.

पुढच्या वर्षापासून एक केलं. कारण 'शेजारी' किंवा 'दुकानदार' असेल तर त्या दिवशी मारायचं नाही. एक रात्र जाऊ द्यायची, सकाळी स्वतः बागेत चार ओळी फिरायच्या, पानं उलटी करून बघायची आणि मग ठरवायचं. टॉनिकसारख्या गोष्टी असतील तर दोन ओळी तशाच सोडायच्या आणि त्यांना फीत बांधून ठेवायची. तीन वर्षं अशा ओळी सोडल्या तेव्हा दोन टॉनिकं कायमची बंद झाली, कारण फितीच्या ओळींत आणि इतर ओळींत मला काही फरक दिसला नाही. डावणीच्या औषधाशी मात्र असला खेळ कोणी करू नये. मी एकदाही केलेला नाही.

माझी मुलगी पुण्यात मानसशास्त्र शिकली. तिला हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "आई, यावर लोकांनी अभ्यास केलाय." 1972 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीनला आणि रशियाला जाणार होते. त्याआधी बारूक फिशहॉफ आणि रूथ बेथ या संशोधकांनी इस्रायलमधल्या विद्यार्थ्यांना विचारून ठेवलं, की या भेटींत काय काय घडण्याची किती शक्यता वाटते. भेटी झाल्यावर काही काळानं त्यांना पुन्हा विचारलं, तुम्ही तेव्हा काय अंदाज दिला होता? जे घडलं असं त्यांना वाटत होतं, त्याला आपण आधीच जास्त शक्यता दिली होती, असं बऱ्याच जणांना आठवलं. म्हणजे निकाल कळला की माणसाची आधीची आठवणही निकालाकडं सरकते. माझ्या मुलीनं हे सांगितलं तेव्हा मला फार हायसं वाटलं. साखरपुड्याच्या दिवसाची आठवण बदलली ती माझ्या एकटीचीच नव्हती तर.

म्हणून लेखकांना माझं सांगणं आहे, की रात्री आठवायला बसण्याआधी दिवसा लिहून ठेवा. आणि चूक झाल्यावर लिहू नका, निर्णय घेतल्याबरोबर लिहा. निकाल लागायच्या आत. काय ठरवलं, का ठरवलं, पुढं काय होईल असं वाटतं, एवढं पुरतं. मला शांत जागा आणि पंधरा मिनिटं कधी मिळाली नाहीत. आमच्याकडं शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री असायची. रात्रपाळीच्या आठवड्यात मोटर चालू करून ठिबकचं प्रेशर बसेपर्यंत मी शेडमध्ये बल्बखाली पोत्यावर बसायचे. तेवढ्यात लिहून व्हायचं. दिवसाच्या आठवड्यात डब्याच्या वेळी. काही दिवस राहूनही जातात, ते मागाहून भरायचे नाहीत हे मी पाळलं आहे. मागाहून भरलेली नोंद म्हणजे परत आठवणच.

वाचायचं मात्र वर्षातून एकदा. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास खरड छाटणी, म्हणजे एप्रिलची छाटणी, उरकलेली असते, माल गेलेला असतो, हिशेब झालेले असतात. तेव्हा दोन दिवस काढून वर्षाची वही वाचते. रोज वाचली तर एकेक दिवसाचा राग किंवा पस्तावाच हाती लागतो. वर्षाची एकदम वाचली तर एका दिवसात न दिसणारी गोष्ट दिसते.

याचं एक उदाहरण देते. थिनिंगला आमच्याकडं पेठ-सुरगाण्याकडच्या बायका टोळीनं येतात. लहान कात्रीनं घडातले जादा मणी काढायचे, दिवसभर मान वर करून, हात वर धरून. 2012 मध्ये एका सोळा-सतरा वर्षांच्या मुलीनं शेंडा कापायच्या ऐवजी खांदा कापला, तेही सात-आठ घडांचा. मी तिला सगळ्यांसमोर नको ते बोलले. ती रडली नाही, पण दुसऱ्या दिवशी आली नाही. शेऱ्यात ते लिहिलं होतं. मे महिन्यात वही वाचताना लक्षात आलं, की मी कोणावर ओरडल्याच्या त्या वर्षी एकूण अकरा नोंदी होत्या आणि त्यातल्या नऊ सकाळी अकरा ते एकच्या दरम्यानच्या. जवळजवळ सगळ्या डिपिंग (घड औषधाच्या पाण्यात बुडवणं) किंवा थिनिंगच्या दिवसांतल्या, म्हणजे ज्या दिवशी मी पहाटे पाचला नुसता चहा पिऊन बागेत गेलेली असायची. माझ्या तोंडाला आवर नाही, स्वभावच तापट, असं माझी आई म्हणायची आणि मीही तेच धरून चालले होते. वही सांगत होती, की उपाशी असते तेव्हा मी तापते. तेव्हापासून सकाळी नऊला मी आणि टोळी एकत्र भाकरी खातो. ओरडणं अगदी बंद झालं असं नाही. गेल्या वर्षी दोन नोंदी होत्या. ती मुलगी मात्र परत कधी आमच्या बागेत आली नाही. मुकादमाजवळ दोनदा निरोप दिला. ती आली असती तर मला तिची माफी मागता आली असती.

आता ज्या गोष्टीसाठी खरं तर हे पत्र लिहायला घेतलं, त्याकडं येते.

2014 च्या फेब्रुवारीअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रभर गारपीट झाली. आमच्या शिवारात दहा मिनिटं गार पडली. बागेत पाय ठेवला तर घडांचा रस पायाला लागत होता. आमचा काही माल त्याआधी निघालेला होता. शेजारी माझ्या दिरांची बाग, त्यांचा एकही क्रेट निघालेला नव्हता. भाऊजी त्या दिवसापासून बोलेनासे झाले. जेवायचे नाहीत, बागेकडं जायचे नाहीत. जाऊबाई रात्री आमच्याकडं येऊन रडायच्या. त्यांच्या डोक्यात एकच बसलं होतं: आठ दिवसांपूर्वी व्यापारी आला होता, मी जादा भावाच्या लोभानं माल दिला नाही, मीच माझ्या लेकरांचं वाटोळं केलं. जो भेटेल त्याला तेच सांगायचे. ऐकणारेही मान डोलवायचे. नंतर सगळ्यांनाच सगळं आधी कळलेलं असतं.

अशा वेळी आमच्या भागात काय काय घडतं, ते आपल्याच पानांवर छापून येतं. मला त्यांना रात्री एकटं सोडायची भीती वाटायची.

चौथ्या दिवशी माझ्या वहीत गारपिटीच्या आधीची पानं चाळत होते. एके ठिकाणी लिहिलं होतं: 'व्यापारी आला. भाऊजींच्या बागेत साखर 15. व्यापारी म्हणाला, आठ दिवस थांबा, साखर उतरू द्या, मग सौदा करू. भाऊजी आजच द्यायला तयार होते.'

साखर 15 म्हणजे द्राक्षात अजून पुरती गोडी उतरलेली नव्हती. मी वही घेऊन तशीच गेले. भाऊजी ओट्यावर बसले होते. मी वाचून दाखवलं. ते म्हणाले, "वहिनी, माझ्या समाधानासाठी लिहिलंय तुम्ही." मी वही त्यांच्या हातात दिली, मागची पुढची पानं बघा म्हटलं. शाई बघा, तारखा बघा. त्याच पानावर आमच्या सोनाका जातीच्या द्राक्षांची फवारणी, डिझेलचे पैसे, सगळं ओळीनं होतं. त्यांनी बराच वेळ पान धरून ठेवलं. मग म्हणाले, "मी द्यायला तयार होतो?" आणि रडले. गारपिटीनंतर पहिल्यांदा रडले. त्या संध्याकाळी अर्धी भाकरी खाल्ली, असं जाऊबाईंनी मला कुंपणावरून सांगितलं.

त्या दिवशीच्या शेऱ्यात मी लिहिलं आहे: 'गारपीट. यात माझा निर्णय कोणता? कोणताच नाही. भाऊजींचाही नाही.'

आत्मपरीक्षण म्हटलं की आपण स्वतःच्या चुका शोधणं एवढंच धरतो. माझ्या वह्यांनी मला माझ्या चुका दाखवल्या, त्या मी वर लपवलेल्या नाहीत. पण जी चूक आपली नाही ती अंगावर घेऊन माणसं खचतात, हेही तितकंच मोठं दुखणं आहे आणि शेतकऱ्याच्या घरात तर ते फार मोठं आहे. माझा निर्णय किती आणि आभाळाचा किती, ही वाटणी नुकसानीच्या दिवशी कोणालाच करता येत नाही. ती आधी लिहून ठेवलेली असावी लागते. तसंच उलटही. 2016 मध्ये मला चांगला भाव मिळाला, गावात वाहवा झाली. वही वाचली तर कळलं, की टोळी वेळेवर मिळाली नाही म्हणून छाटणी दहा दिवस लांबली होती आणि नेमका त्यामुळं माल भावात सापडला. त्यात माझी हुशारी काहीच नव्हती. ते वाचलं नसतं तर पुढच्या वर्षी मी मुद्दाम उशिरा छाटणी करून बसले असते.

संपादक महोदय, आपल्या दैनिकाचं शेतीचं पान मी गेली अनेक वर्षं वाचते. त्यात यशोगाथा असतात. एकरी इतके टन, इतके लाख. मी त्यांची कात्रणं ठेवते, त्यांतून शिकलेही आहे. पण यशोगाथा हंगाम संपल्यावर, निकाल माहीत असताना सांगितलेली असते. त्या शेतकऱ्यालाही तेव्हा सगळं नीट ठरवूनच केल्यासारखं आठवत असणार. कोणी खोटं बोलतं असं मला म्हणायचं नाही, मी स्वतः दीड वर्ष काय सांगत फिरत होते ते वर लिहिलंच आहे. आणि ज्याची बाग गेली, त्याला हे वाचताना वाटतं की सगळ्या जगाला जमतं, मलाच जमत नाही. भाऊजींनी 2014 नंतर तीन वर्षं ते पान उघडलं नव्हतं.

माझी विनंती आहे, की त्याच पानावर महिन्यातून एकदा तरी एखाद्या शेतकऱ्याची हंगामाच्या मधली नोंद छापावी. निकाल लागायच्या आधीची. त्यानं काय ठरवलं, का ठरवलं, काय होईल असं वाटतं. आणि चार-सहा महिन्यांनी त्याच जागी, काय झालं ते. फसलं असेल तर फसलं म्हणून. नाव छापायची गरज नाही, तालुका पुरे. माझा मुलगा म्हणतो, आता मोबाइलवर नोंदी ठेवता येतात, तो तशाच ठेवतो. त्याच्या नोंदीही पाठवू. वहीचाच आग्रह माझा नाही, आधी लिहिण्याचा आहे.

सुरुवात माझ्यापासून करावी. चालू वहीतली नोंद जशी आहे तशी देते:

'12 ऑक्टोबर. विहिरीकडची पाऊण एकर आज छाटली नाही. बाकीची छाटली. या तुकड्यात पाणी साचतं, जमीन अजून ओली आहे, मुळी चालत नाही असं वाटतं. बारा दिवस थांबणार. मुलगा म्हणतो, थांबलं तर माल भावातून जाईल आणि टोळी दुसऱ्यांदा मिळणार नाही. त्याचंही बरोबर असू शकतं. मला वाटतं घड जिरणार नाहीत आणि डावणीचा पहिला धोका टळेल. भीती वाटते म्हणून थांबते आहे का? थोडी भीती आहे. पण सकाळी खोरं मारून बघितलं, हातभर खाली चिखल आहे. शेजारी सगळे छाटत आहेत.'

(घड जिरणं म्हणजे कोवळा घड वाढायच्या ऐवजी नाहीसा होणं.) काय झालं ते मार्चमध्ये कळवते.

आपली एक वाचक,
द्राक्ष बागाईतदार, ता. निफाड, जि. नाशिक
(कृपया नाव छापू नये.)